क्युसेक आणि क्युमेक : एका अक्षराचा पूर

पावसाळ्यात विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की नांदेडच्या नदीकाठच्या वस्त्यांमध्ये एकच प्रश्न फिरतो : “किती सोडलं?” उत्तर कधी क्युसेकमध्ये मिळते, कधी क्युमेकमध्ये. कानाला दोन्ही शब्द सारखेच लागतात. छापताना ‘से’च्या जागी ‘मे’ पडला तरी वाचणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. मात्र या एका अक्षराने पाण्याचा आकडा पस्तीस पटींनी बदलतो.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे २८.३ लिटर. घरातले साधारण दोन हंडे. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर. गच्चीवरची एक टाकी. एका क्युमेकमध्ये ३५.३ क्युसेक बसतात. गोंधळाचे मूळ नावांच्या घडणीतच आहे. ‘क्युसेक’मध्ये घन आणि सेकंद आहेत, फूट मात्र कुठेच नाही. ‘क्युमेक’मध्ये मीटरचा ‘म’ आला आणि सेकंदाचे पहिले अक्षर गळाले. त्यात आपल्या बातम्या ‘इतक्या क्युसेक वेगाने’ असे लिहितात. वास्तविक हा वेग नव्हे, विसर्ग आहे. अरुंद पात्रात वेगाने धावणारे आणि रुंद पात्रात संथ वाहणारे पाणी सारख्याच क्युसेकचे असू शकते.

ही दोन मापे एकाच नदीवर कशी आली? क्युसेक ब्रिटिश अमदानीतल्या कालव्यांवर रुळला. निजामाचे हैदराबाद संस्थानही फुटांतच मोजत होते. मांजरा नदीवरचे निजामसागर धरण १९३१ साली पूर्ण झाले, ते याच फुटांच्या जमान्यात. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने दशमान वजनमापांचा कायदा केला. मोंढ्यातला शेर जाऊन किलो आला, कापड मीटरने मिळू लागले. धरणांचे साठेही दशलक्ष घनमीटरमध्ये, आपल्या सरकारी भाषेत ‘दलघमी’त, लिहिले जाऊ लागले. दरवाजातून सुटणारे पाणी मात्र लोकांच्या तोंडी क्युसेकच राहिले.

आंतरराज्य तंट्यांनी फुटांना आणखी आयुष्य दिले. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाने गोदावरीच्या पाण्याची वाटणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, केली. १९८० च्या निवाड्यानुसार पैठण धरणाच्या खाली पोचमपाडपर्यंतच्या खोऱ्यात नव्या प्रकल्पांसाठी महाराष्ट्राच्या वाट्याला ६० टीएमसी पाणी आले. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचा वाद याच हिशेबावर लढला गेला. २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंधाऱ्याची २.७४ टीएमसी क्षमता मान्य केली. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवण्याची आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडण्याची अट घातली. म्हणजे साठा दलघमीत, हक्क टीएमसीत आणि पूर क्युसेकमध्ये, अशी तीन खाती एकाच नदीच्या नावावर उघडली गेली.

या बाभळीचेच माप घेऊन दोन शब्दांतले अंतर पाहू. ३,००० क्युसेक पाणी आले तर २.७४ टीएमसी भरायला साडेदहा दिवस लागतात. तेच ३,००० क्युमेक असेल तर सात तासांहून थोडा अधिक वेळ पुरतो, कारण हा विसर्ग १ लाख ६ हजार क्युसेकच्या घरात जातो. पहिला आकडा वाचून माणूस निवांत झोपेल. दुसरा वाचून त्याने जनावरे सोडून वर न्यायला हवीत. उलट चूकही साधी नव्हे. १ लाख क्युसेकला कुणी १ लाख क्युमेक म्हटले, तर त्याने ऑगस्ट १९८६ मध्ये थेट आंध्रात, धवळेश्वरमला, आलेला सुमारे ३५ लाख क्युसेकचा महापूर नांदेडात आणून ठेवला! अशी एक-दोन भाकिते खोटी ठरली की पुढचा खरा इशाराही कुणी मनावर घेत नाही.

पुराकडून टंचाईकडे वळले तरी हीच मापे उपयोगी पडतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुमारे २५ लाख लिटर आणू लागली. देशभर तिची चर्चा झाली. आता हिशेब करू. एक क्युसेक पाणी चोवीस तास वाहिले की साडेचोवीस लाख लिटर होते. पन्नास वाघिणी, इंजिन, शेकडो किलोमीटरचा लोहमार्ग आणि इतक्या माणसांची धावपळ, या सगळ्यातून लातूरच्या पदरात पडत होता तो जवळपास एक क्युसेकचा एक दिवस. एक क्युमेकचा प्रवाह तेवढे पाणी बेचाळीस मिनिटांत देतो.

विष्णुपुरीच्या अठरा दरवाजांपुढे एक क्युसेक कुणाच्या खिजगणतीत नसतो. लातूरकरांनी त्याच्यासाठी घागरी घेऊन रांगा लावल्या. म्हणून विसर्गाच्या प्रत्येक सूचनेत दोन्ही मापे शेजारीशेजारी, पूर्ण मराठीत लिहावीत : सेकंदाला इतके घनफूट, म्हणजेच इतके घनमीटर. एक ओळ वाढेल खरी. पण नदीकाठी राहणाऱ्या माणसाला रात्री नेमका किती पाण्याचा इशारा मिळाला आहे, हे त्या ओळीवरून कळेल.