वऱ्हाडातले कच्छी मेमन आणि लेकीचा वाटा

वऱ्हाडच्या मुसलमानांचा इतिहास म्हटला की अचलपूरची इमादशाही, बाळापूरचा किल्ला, निजामाचा अंमल एवढंच समोर येतं. म्हणजे पुन्हा नवाब आणि तलवारी. तराजू आणि वही घेऊन इथं आलेल्या मुसलमानांची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. अकोला-अमरावतीचे कच्छी मेमन हे त्यातलं महत्त्वाचं नाव.

‘मेमन’ हा शब्द ‘मोमिन’वरून आला, असं मानलं जातं. समाजात सांगितली जाणारी कथा अशी की, पंधराव्या शतकात सिंधमधल्या ठठ्ठा इथं लोहाणा व्यापाऱ्यांच्या काही घराण्यांनी पीर युसूफुद्दीन कादरी यांच्या हातावर इस्लाम स्वीकारला. त्यातले काही पुढं कच्छमध्ये भुजला स्थिरावले. तेच कच्छी मेमन. पंथानं सुन्नी हनफी, घरातली बोली कच्छी, आणि धंदा पिढीजात व्यापार.

वऱ्हाडात व्यापाऱ्यांचा ओघ वाढला तो कापसामुळं. १८५३च्या तहानं निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली. अकोला थेट या मार्गावर आलं; अमरावतीसाठी बडनेऱ्याहून फाटा निघाला. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावची रेल्वे आणि कापूस बाजार सुरू करायला आले. जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली, आडत वाढली. मारवाडी, गुजराती, कच्छी असे सगळेच या प्रदेशाकडे वळले.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरील १९१६च्या ग्रंथात कच्छींची नोंद आहे. ती सांगते की हे व्यापारी वर्षातले आठ महिने इथं राहतात आणि पावसाळ्याचे चार महिने आपल्या मुलखात परततात. १९११च्या गणतीत मध्य प्रांतात ते जेमतेम २,००० होते आणि त्यातले सहापैकी पाच पुरुष. तरीही प्रांताच्या व्यापाराचा मोठा भाग त्यांच्या हाती होता. या आकड्याकडे जरा थांबून बघा. दुकान इकडे आणि बायका-मुली तिकडे, असा हा संसार. हळूहळू कुटुंबं आली, जमात उभी राहिली, मशीद आणि जमातखाना आला. घरात कच्छी, मोहल्ल्यात उर्दू आणि बाजारात वऱ्हाडी, असं जगणं सुरू झालं.

या समाजाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी लढाई मात्र बाजारात झाली नाही, ती घरात झाली. धर्म बदलला तरी वारसाहक्काची रीत जुनीच राहिली होती. मालमत्ता मुलांकडे जाई, मुलीला लग्नाचा खर्च मिळाला की विषय संपला. यामागं व्यापारी हिशोबही असावा. पेढीचं भांडवल जावयाच्या घरी जाऊ नये. १८४७ साली मुंबईत खोजा आणि मेमन मुलींनी कुराणानुसार बापाच्या मालमत्तेत वाटा मागितला. न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की या जमातींची रूढी तशी नाही, म्हणून वाटा नाही. सूरह निसामध्ये मुलाच्या निम्मा का होईना, पण मुलीचा हिस्सा स्पष्ट सांगितलेला आहे. तरी कोर्टात रूढी जिंकली आणि मुली हरल्या.

हे बदलायला जवळपास एक शतक लागलं. १९२०च्या कच्छी मेमन कायद्यानं ज्याला हवं त्यानं जाहीरनामा देऊन मुस्लिम कायदा स्वीकारावा, अशी सोय केली. सोय ऐच्छिक होती, म्हणजे निर्णय बापाच्या हाती राहिला. अखेर १९३८चा कायदा आला आणि १ नोव्हेंबर १९३८ पासून सगळ्या कच्छी मेमनांना वारशाच्या बाबतीत मुस्लिम कायदा लागू झाला. ‘मुसलमान कधी बदलत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी हा प्रवास जरूर वाचावा. आणि ‘आमच्यात सगळं शरियतप्रमाणंच चालतं’ असं म्हणणाऱ्यांनीही वाचावा.

जमातीची दुसरी ओळख खिदमतीची. मे २०२०मध्ये कोरोनाच्या भीतीनं रक्ताचे नातेवाईक मागं हटले, तेव्हा अकोल्याच्या कच्छी मेमन जमातीचे कार्यकर्ते पुढं झाले. मुसलमानांचा दफनविधी त्यांनी केलाच, पण एका हिंदू वृद्धाला अग्नीही दिला. व्यापारी समाज पैशापलीकडं बघत नाही, या समजाला हे उत्तर होतं.

पण लेकीच्या वाट्याचा प्रश्न संपला का? कायदा होऊन आठ दशकं उलटली. तरीही वाटणीच्या वेळी बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवलं जातं, भावाचं माहेर तुटू नये म्हणून ती मुकाट सही करते. हे फक्त मेमनांत नाही. पटेल, देशमुख, कुणबी, शेख, सगळ्यांच्या घरात चालतं. १८४७मध्ये त्या मुली निदान कोर्टापर्यंत गेल्या होत्या. आपल्या घरातल्या मुलीला तिचा हिस्सा मागायचीही वेळ येऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.