कंबर दुखते तेव्हा झोपून राहावे की चालावे?

कंबर धरली की घरात पहिला सल्ला मिळतो, 'पडून राहा.' पण बहुतेक साध्या कंबरदुखीत हा सल्ला उपयोगाचा ठरत नाही. फिनलंडमधील हेलसिंकी येथील कर्मचाऱ्यांवरील अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन दिवस झोपून राहिलेल्यांपेक्षा झेपेल तशी रोजची कामे सुरू ठेवणारे लवकर बरे झाले.

पाठीचे आणि पोटाचे स्नायू मणक्याला आधार देतात. हालचाल थांबली की ते कमकुवत होतात, सांधे आखडतात आणि वाकायचीही भीती वाटू लागते.

ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवरील अभ्यास २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणे वाढवणाऱ्या गटात दुखणे उलटायला साधारण २०८ दिवस लागले, तर इतरांत ११२. उद्दिष्ट होते आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालण्याचे. त्याला ना जिम लागते, ना खर्च.

मात्र पाय लुळा पडणे, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप किंवा अपघातानंतरचे दुखणे असेल, तर व्यायाम नको. लगेच डॉक्टर गाठावा.