उतरलेली बॅटरी आणि लिथियम जंप स्टार्टर

चतुर्थीला गावच्या घरी जाण्यासाठी सामान भरून सज्ज केलेली मोटार ऐन वेळी सुरूच होत नाही. किल्ली फिरवली की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि समोरचे दिवे मंदावून विझतात. गोव्यातील अनेक घरांना हा अनुभव परिचयाचा आहे. बोटीवर किंवा आखातात नोकरीला असलेल्यांच्या गाड्या तर महिनोन्महिने अंगणातच उभ्या असतात. पूर्वी अशा वेळी शेजारपाजारच्या चार जणांना हाक मारून गाडी ढकलली जाई, किंवा दुसऱ्याची गाडी शेजारी आणून दोन्हींच्या बॅटऱ्या तारांनी जोडल्या जात. ऑटोमॅटिक गिअरची गाडी मात्र ढकलून सुरू होत नाही. इंधन सोडण्याचे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे असलेल्या नव्या गाड्यांतही बॅटरी पुरती उतरली असेल तर धक्का देणे व्यर्थच ठरते. पुस्तकाएवढ्या आकाराचा लिथियम जंप स्टार्टर आज अनेकांच्या डिकीत दिसू लागला आहे, तो यामुळेच.

बाहेरून पॉवर बँकेसारखे दिसणारे हे उपकरण अल्प काळ फार मोठा विद्युतप्रवाह देण्यासाठी बनवलेले असते. मोटारीतील शिसे-आम्ल बॅटरी बारा व्होल्टची म्हणवली जाते. पूर्ण भरलेली असताना तिचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो आणि तो १२ च्या खाली गेला की ती जवळजवळ रिकामी झालेली असते. जंप स्टार्टरमध्ये लिथियम-आयनचे तीन सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि ते भरलेले असताना एकूण दाब तितकाच, म्हणजे १२.६ व्होल्ट होतो. काही उपकरणांत लिथियम-लोह-फॉस्फेटचे चार सेल असतात. ती थोडी जड असतात, पण उष्णता अधिक सोसतात. आपल्याकडील हवामानात हा गुण वजनापेक्षा मोलाचा मानावा लागेल.

या उपकरणाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज असा की ते उतरलेली बॅटरी ‘भरते’. साधा हिशेब केला तरी ते शक्य नाही हे ध्यानात येते. वेष्टनावर १८,००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते, ते बहुधा एका सेलच्या ३.७ व्होल्ट दाबाला धरून. म्हणजे साठवलेली ऊर्जा सुमारे ६७ वॅट-तास. मोटारीच्या ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे ५४० वॅट-तास मावतात, म्हणजे आठपट. मात्र इंजिन फिरवायला इतकी ऊर्जा लागतच नाही. लहान पेट्रोल गाडीच्या स्टार्टर मोटरने दोनशे अँपिअर प्रवाह तीन सेकंद ओढला, तरी खर्च दोन वॅट-तासांच्या आत राहतो. जंप स्टार्टर तेवढा एक क्षण निभावून नेतो. पुढचे काम अल्टरनेटरचे.

बॅटरी उतरण्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. आतला दिवा चालू राहणे हे त्यातले नेहमीचे. पण सारे बंद करून ठेवलेल्या गाडीतही घड्याळ, चोरीचा इशारा देणारी यंत्रणा आणि रिमोटचा ग्राहक हे थोडा थोडा प्रवाह घेतच असतात. तो ३० मिलिअँपिअर धरला, तर महिन्याकाठी सुमारे २२ अँपिअर-तास जातात, म्हणजे लहान गाडीच्या बॅटरीचा अर्धा साठा. किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर चढतो, तो निराळाच. पुष्कळदा बॅटरी चांगली असते आणि दोष या थरात किंवा सैल झालेल्या पट्टीत असतो. म्हणून चिमटे जोडण्यापूर्वी पट्टी हलते का, हे पाहावे. हेडलाइट प्रखर लागत असूनही स्टार्टर गप्प असेल, किंवा इंजिन जोमाने फिरते पण पेटत नसेल, तर आजार दुसरा आहे आणि तिथे जंप स्टार्टर निरुपयोगी आहे.

जोडणीचा क्रम मात्र काटेकोर पाळावा लागतो. गाडीची किल्ली बंद, दिवे-पंखे बंद, हातातली अंगठी वा धातूचे कडे काढलेले. उपकरण निदान अर्धे भरलेले हवे. लाल चिमटा प्रथम बॅटरीच्या धन टर्मिनलवर लावायचा. काळा चिमटा ऋण टर्मिनलवर न लावता बॅटरीपासून दूर, इंजिनच्या किंवा सांगाड्याच्या रंग नसलेल्या धातूवर लावणे अधिक सुरक्षित. शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी पडू शकते. ती बॅटरीच्या तोंडाशी पडू नये, एवढाच यामागचा हेतू. काही गाड्यांत बॅटरी डिकीत किंवा आसनाखाली असते व बॉनेटखाली लाल झाकणाचे वेगळे धन टोक दिलेले असते. तिथे गाडीच्या पुस्तिकेचा शब्द अखेरचा समजावा. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळती असेल, तर हा प्रयोग करूच नये.

चिमटे पक्के बसल्यावर उपकरण सुरू करावे आणि स्टार्टर पाच सेकंदांहून अधिक फिरवू नये. इंजिन सुरू झाले नाही, तर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा; लागोपाठच्या प्रयत्नांनी तारा आणि सेल दोन्ही तापतात. इंजिन सुरू होताच अर्ध्या मिनिटाच्या आत चिमटे काढावेत, आधी काळा, मग लाल. अल्टरनेटर चौदा व्होल्टच्या आसपास दाब देतो आणि तो उलट्या वाटेने लिथियम सेलमध्ये शिरणे धोक्याचे असते. इंजिन चालू असताना गाडीची स्वतःची बॅटरी मात्र कधीही सोडवू नये. दाब अचानक उसळून इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

बऱ्याच उपकरणांच्या तारेवर एक छोटी पेटी असते. चिमटे उलटे लागले, एकमेकांना टेकले, तर ती प्रवाह अडवते. मात्र बॅटरी अगदीच निष्प्राण असेल, तर या पेटीला बॅटरी ओळखूच येत नाही. त्यासाठी ‘बूस्ट’ नावाचे बटण दिलेले असते. ते दाबल्यावर ही संरक्षणे बहुधा बाजूला सारली जातात, आणि नेमकी हीच गोष्ट घाईत असलेला माणूस वाचत नाही. बूस्ट दाबण्यापूर्वी लाल-काळे दोनदा तपासावे. ट्रकच्या चोवीस व्होल्ट यंत्रणेला बारा व्होल्टचे उपकरण कदापि जोडू नये.

खरी अडचण साठवणीची आहे. उपकरण डिकीत असेल तरच चोर्ला किंवा अनमोड घाटात कामी येणार. पण एप्रिल-मे महिन्यांत उन्हात बंद ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांपर्यंतही तापतो, आणि बहुतेक लिथियम उपकरणांची साठवणीची कमाल मर्यादा साठ अंशांच्या आसपास असते. उष्णतेने सेलची धारणशक्ती घटते, सेल फुगतो आणि क्वचित पेटही घेतो. त्यातल्या त्यात डिकीचा तळ आसनांपुढील भागापेक्षा थंड असतो. उन्हाळ्यात गाडी सावलीत उभी राहत नसेल, तर उपकरण घरात ठेवून लांबच्या प्रवासालाच सोबत घ्यावे. दर तीन महिन्यांनी ते भरून घेणे आवश्यक. विमानप्रवासात ते तपासणी-सामानात टाकता येत नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात आणि १०० वॅट-तासांपुढे विमान कंपनीची पूर्वपरवानगी लागते.

विकत घेताना ‘दोन हजार पीक अँपिअर’ असल्या आकड्यांना भुलू नये. तो क्षणार्धाचा उच्चांक असतो; टिकणारा प्रवाह त्याहून पुष्कळ कमी असतो. डिझेल इंजिनाला पेट्रोलपेक्षा अधिक प्रवाह लागतो, म्हणून किती लिटरच्या डिझेल इंजिनासाठी उपकरण पुरेसे आहे, ही नोंद पाहावी.

गाडी सुरू झाल्यावर बाजारापर्यंत जाऊन परत येण्याने बॅटरी भरत नाही, विशेषतः पावसात वायपर, दिवे आणि वातानुकूलन एकदम चालू असताना. चार्जर लावून ती रात्रभर भरावी, मग काही तास स्वस्थ ठेवून दाब मोजावा. १२.४ व्होल्टही टिकत नसतील, तर बॅटरी गॅरेजमध्ये भार देऊन तपासून घ्यावी. कित्येक आठवडे उतरलेल्या स्थितीत राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि ती पूर्ववत होत नाही. जुनी शिसे-आम्ल बॅटरी दुकानदार मोबदला देऊन परत घेतो. फुगलेल्या जंप स्टार्टरला असे गिऱ्हाईक नसते. तो घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रातच द्यावा. वापरलेल्या सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांच्या संकलनाची जबाबदारी २०२२ च्या केंद्रीय नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे.