पाटी नसलेल्या खानावळी

मुंबईची ओळख करून देण्याचा एक नवा प्रकार अलीकडे रूढ झाला आहे. सुट्टीच्या दिवशीं सकाळीं दहापंधरा मंडळी एका वाटाड्याच्या मागोमाग गल्लीबोळांतून हिंडतात, ठिकठिकाणीं थांबून थोडेंथोडें खातात, आणि वाटाड्या पदार्थाबरोबर त्या वस्तीची हकीकतहि सांगतो. या फेरीस हंसण्याचें कारण नाहीं. किल्ले आणि वाडे पाहून शहराचे धनी कोण होते तें समजतें. तेथें राबणारा मनुष्य कोठून आला हें समजण्यास त्याचें ताट पाहिलेलें बरें.

पुष्कळदां ही फेरी धोबीतलावापासून निघते. तेथें १९०४ सालीं स्थापन झालेलें कयानी आणि कंपनी हें इराण्याचें दुकान आहे. संगमरवरी मेजें, काळ्या लांकडाच्या खुर्च्या, ब्रुन, मस्का आणि चहा! इराणांतील यझ्द व केरमान या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं जे जरथुष्ट्री आले, त्यांनीं असलीं दुकानें थाटलीं. ज्यास घर नाहीं अशा नोकरदारास थोड्या पैशांत तेथें घटकाभर बसतां येई. येथला पावहि परक्या वाटेनेंच आला. शब्द पोर्तुगिजांचा, आणि भट्टी बहुधा गोवेकराची. गोव्याच्या गांवोगांवच्या लोकांनीं याच परिसरांत आपापले ‘कूड’ उघडले होते. बोटीवरील नोकरीची वाट पाहणारा खलाशी आपल्या गांवच्या कुडांत पथारी टाकी.

या सर्वांच्या मुळाशीं एकच गोष्ट दिसते. ही एकट्या पुरुषांची नगरी होती. १९२१ च्या खानेसुमारींत मुंबईंत हजार पुरुषांमागें सहाशेंहूनहि कमी स्त्रिया भरल्या. बिऱ्हाड गांवीं आणि पोट शहरांत, अशी स्थिति! दक्षिणेकडून आलेल्या कारकुनांच्या माटुंग्यास १९४२ सालीं ए. रामा नायक यांनीं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलें, तेंहि याच गरजेपोटीं.

परंतु या गरजेचें सर्वांत मोठें रूप पहावयाचें तर परळ-लालबागकडे, गिरणगांवांत जावें लागतें. आणि फेरी सहसा तेथवर जात नाहीं. जाऊन दाखवावें तरी काय? तेथल्या खानावळींना पाटीच नव्हती. कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ सालीं चालूं झाली. तेव्हांपासून रत्नागिरी-साताऱ्याकडील गडी गिरण्यांत येऊं लागले. त्यांना जेवूं घालणारी बहुधा चाळींतील एखादी गिरणीकामगाराची बायको किंवा विधवा असे. दहा-बारा फुटी खोली, त्यांतच संसार, त्यांतच चूल. गिरणीच्या पाळीप्रमाणें स्वयंपाकाची वेळ ठरे. पहाटेच्या पाळीसाठीं रात्र सरण्यापूर्वीं भाकऱ्या थापाव्या लागत. पैसे महिन्याच्या पगारास मिळत. वाण्याकडून धान्य मात्र आधीं आणावें लागे, तें उधारीवर, नाहींतर अंगावरचा डाग सावकाराकडे गहाण टाकून. गिरण्यांच्या इतिहासांत शेटजींचीं नांवें आहेत, पुढाऱ्यांचीं आहेत. या बायांचीं नाहींत, आणि हा इतिहासाचा मोठाच अन्याय होय. कारण त्यांच्या उधारीवरच गिरण्यांचे भोंगे वाजत होते.

१९७३ सालीं सुरू झालेल्या संपांत हें उघड दिसून आलें. पगार बंद, तरी या बायांनीं गड्यांचें जेवण बंद केलें नाहीं. गोवामुक्तीच्या लढ्यांत भाग घेतलेल्या कामगार-कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांच्या तें ध्यानांत आलें, आणि १९७५ सालीं त्यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. खानावळ चालविणाऱ्या बायांस बँकेचें कर्ज मिळवून देणें हें त्याचें पहिलें काम. ज्या बाईस सावकाराखेरीज कोणी ओळखत नव्हतें, तिच्या नांवें बँकेच्या वहींत खातें उघडलें गेलें. हें काम लहान नव्हे.

पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो लांबला, तसे पुष्कळ गडी ताटावरून उठून कोंकणांत व घाटावर आपल्या गांवीं गेले. कित्येक परत आलेच नाहींत, आणि त्यांच्या जेवणाची बाकी या बायांच्या अंगावर राहिली.