‘नवसा’ची बस घरच्या पडद्यावर

मंगळवार पेठ (कोल्हापूर) : एकत्र प्रवासाला निघालेले दोन जीव, वाटेत भेटणारी नमुनेदार माणसे आणि मुक्काम येईपर्यंत सुटत जाणारा गुंता, एवढ्या भांडवलावर उभा राहणारा चित्रपट म्हणजे प्रवासातला प्रेमविनोद. मराठीत त्याचे चटकन आठवणारे उदाहरण म्हणजे सचिन पिळगांवकर यांचा २००४ सालचा ‘नवरा माझा नवसाचा’. वडिलांनी बोललेला अत्यंत अडचणीचा नवस फेडण्यासाठी मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेले जोडपे (सचिन आणि सुप्रिया), वाहकाच्या भूमिकेत अशोक सराफ आणि प्रवाशांच्या रूपाने बसमध्ये भरलेला अर्धा महाराष्ट्र! आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या कोल्हापूरकरांना तर देव ओळखीचा आणि वळणेही ओळखीची. हा चित्रपट असंख्य घरांत पाठ झालेला आहे. मात्र तो पाठ झाला तो बहुतांशी व्हीसीडीवरून आणि दूरचित्रवाणीवरून. चित्रफितीवर जेवढे उतरले होते, त्याचा थोडासाच अंश या मार्गाने घरी पोचला.

या बसला पूर्वज आहेत. १९७२ सालच्या ‘बॉम्बे टू गोवा’मध्ये मेहमूद वाहक आणि अन्वर अली चालक होते. अमिताभ बच्चन आणि अरुणा इराणी यांचे प्रेम त्याच बसच्या आसनांवर फुलले. हा चित्रपट स्वतःच १९६६ सालच्या ‘मद्रास टू पाँडिचेरी’ या तमिळ चित्रपटावर बेतलेला होता. आणखी मागे गेले, की फ्रँक काप्रा यांचा १९३४ सालचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ येतो. घरातून पळालेली श्रीमंत मुलगी आणि बेकार वार्ताहर यांच्या या बसप्रवासाने पाच प्रमुख ऑस्कर पटकावले. राज कपूर-नर्गिस यांचा ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि आमीर खान-पूजा भट यांचा ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) ही त्याचीच भारतीय रूपे. गंमत अशी, की सर्वांत जुना असलेला काप्रांचा चित्रपट आज घरी सर्वांत स्वच्छ पाहता येतो. त्याचे ‘फोर-के’ दर्जाचे पुनरुज्जीवन होऊन २०१४ साली ब्लू-रे निघाली. मुंबईहून सुटलेल्या बसगाड्यांच्या वाट्याला मात्र दीर्घकाळ ‘तीन चित्रपट एका तबकडीत’ असला संसार आला.

व्हीसीडीचे गणित पाहिले, तर त्यातली गोम कळते. आपल्याकडच्या व्हीसीडीवरील चित्रात आडवे ३५२ आणि उभे २८८ बिंदू असत, म्हणजे एकूण सुमारे एक लाख. डीव्हीडीत ते चार लाखांवर गेले आणि ब्लू-रेत वीस लाखांवर. याहून महत्त्वाची गोष्ट दाबणीची. व्हीसीडीला दर सेकंदाच्या चित्रासाठी साधारण ११५० किलोबिट एवढीच जागा मिळे. ती पुरावी म्हणून, मागच्या चौकटीत जे होते ते पुन्हा न नोंदवता फक्त बदललेला भाग नोंदवायचा, अशी युक्ती वापरली जाते. दिवाणखान्यात दोन पात्रे बोलत बसली असतील, तर ही युक्ती बेमालूम चालते. भिंत काही हलत नाही.

धावत्या बसमध्ये मात्र सारेच हलते. खिडकीबाहेर झाडे पळतात, आत प्रवासी हिंदकळतात, घाटात उजेड-सावली क्षणाक्षणाला बदलते. प्रत्येक चौकट नव्याने लिहावी लागते आणि तेवढी जागा तबकडीवर नसते. मग झाडांच्या जागी हिरवे चौकोन दिसू लागतात. सोनू निगम यांनी गायलेल्या प्रवासगीतात कोकणचा निसर्ग हेच खरे पात्र, आणि नेमके तेच पात्र व्हीसीडीवर विरघळते! बसच्या आतली काळोखी आणि खिडकीतले लख्ख ऊन एकत्र आले, की चेहरे काळवंडतात किंवा आकाश पांढरेफटक होते. कौटुंबिक नाट्याची खराब प्रत एक वेळ चालून जाते. प्रवासपटाची खराब प्रत म्हणजे प्रवासच वजा करणे.

दुसरी कातर पडद्याच्या आकाराची. त्या काळचे दूरचित्रवाणी संच चारास तीन या प्रमाणाचे होते आणि चित्रपट त्याहून रुंद. वर-खाली काळ्या पट्ट्या सोडल्या, की ‘चित्र लहान दिसते’ अशी गिऱ्हाइकाची तक्रार येई; म्हणून अनेक प्रतींत दोन्ही कडा छाटून मधला भाग पडदाभर ताणला जाई. बसमधला विनोद हा रांगेत बसलेल्या माणसांचा विनोद असतो. एकाने बोलायचे आणि कडेच्या आसनावरच्याने तोंड वेडावायचे. कड गेली, की हशा गेला.

रंगांचीही हीच रड आहे. सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंटमध्ये निळसर रंगद्रव्य आधी विटते आणि चित्र गुलाबी-तांबूस होत जाते. अशा प्रिंटवरून काढलेल्या प्रतीत पहिले बळी आकाशाचे आणि झाडीचे!

आपल्या हातातली प्रत पूर्ण आहे की कापलेली, हे ताडण्याचा एक सोपा उपाय आहे. चित्रपटाच्या आरंभी दिसणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. ३५ मिलिमीटरची फीत मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते. म्हणजे ३५०० मीटरचा चित्रपट सुमारे १२८ मिनिटांचा. यात एक सवलत द्यावी लागते. चित्रपटगृहात सेकंदाला २४ चौकटी दाखवतात, तर पाल पद्धतीच्या व्हिडिओत २५. त्यामुळे तोच चित्रपट घरी सुमारे १२३ मिनिटांत संपतो आणि गाण्याचा सूर किंचित चढा लागतो. त्याहूनही वेळ कमी भरली, तर एखादे गाणे किंवा प्रसंग गळाल्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

२००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्यावर भाड्याने तबकड्या आणण्याची गरजच उरली नाही. चित्रपट घरोघर गेले हे खरेच. पण त्या किमतीत मूळ निगेटिव्हवरून नवी प्रत काढण्याचा खर्च बसणे कठीण. आज आंतरजालावर ‘एचडी’ म्हणून मिरवणाऱ्या प्रतींचीही पारख याच प्रश्नाने करावी. जुनी प्रतच ताणून मोठी केली असेल, तर बिंदू वाढतात, तपशील वाढत नाही. नवा तपशील हवा, तर निगेटिव्ह किंवा तिच्याजवळची प्रिंट शोधून पुन्हा स्कॅन करावी लागते.

निगेटिव्ह हरवण्याचा अर्थ मंगळवार पेठेला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. इथल्या जयप्रभा स्टुडिओला, म्हणजे पूर्वीच्या कोल्हापूर सिनेटोनला, १९४८ च्या जाळपोळीत आग लागली आणि भालजी पेंढारकरांच्या ‘मीठभाकर’ची निगेटिव्ह जळाली. भालजींनी चित्रपट पुन्हा चित्रित केला आणि १९४९ साली तो पडद्यावर आणला. असा हट्ट प्रत्येक चित्रपटाच्या नशिबी नसतो. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींना लागलेल्या आगीत गेलेले पुन्हा चित्रित करायला कोणी उरलेले नव्हते. हे संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग झाले आहे आणि जुन्या फितींचे डिजिटायझेशन तेथे हाती घेण्यात आले आहे. मात्र असे काम सुरू झाले, की आधी अभिजात चित्रपटांकडे लक्ष जाते. लोकांनी डोक्यावर घेतलेला विनोदी चित्रपट ‘तो तर सगळीकडे मिळतो’ म्हणून मागे राहण्याची भीती असते.

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘नवरा माझा नवसाचा २’ प्रदर्शित झाला. या वेळी बसऐवजी कोकण रेल्वे होती. त्यानिमित्ताने अनेकांनी पहिला भाग पुन्हा काढून पाहिला असेल. रुंद, चकचकीत संचावर वीस वर्षांपूर्वीची व्हीसीडी लावली, की तिचे सारे दोष चव्हाट्यावर येतात. तरीही ती लगेच भंगारात देऊ नये. तिच्यात एखादे दृश्य असे असू शकते, जे नंतरच्या प्रतींतून गळलेले आहे. तबकडी मधून कडेकडे सरळ रेषेत मऊ कापडाने पुसावी, गोल फिरवून नव्हे. आणि वाचली जाते तोवर संगणकावर तिची नक्कल करून ठेवावी.