वर्गाबाहेरचा वाचक : शालेय छापखान्यापासून ब्लॉगपर्यंत

प्रस्तावना

विद्यार्थी वर्षानुवर्षे लिहितो. परंतु त्याच्या लेखनाला वाचक बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे गुण देणारा शिक्षक. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अध्यापनाचे साधन म्हणून ब्लॉगकडे लक्ष वेधले गेले, ते प्रामुख्याने ही चौकट मोडण्याची शक्यता त्यात दिसल्यामुळे. मात्र ही कल्पना संगणकाबरोबर जन्मलेली नाही. प्रस्तुत लेखात तिच्या पूर्वेतिहासाचा मागोवा घेऊन, विद्यार्थ्याचे लेखन वर्गाबाहेर गेल्यावर शिक्षक व संस्था यांच्यावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार केला आहे.

फ्रेने यांचा छापखाना

फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम होऊन परतले आणि १९२० मध्ये बार-सुर-लू या खेड्यात शिक्षक झाले. वर्गात दीर्घकाळ मोठ्याने बोलणे त्यांना कष्टाचे होते. शिक्षकाच्या व्याख्यानावर उभ्या असलेल्या अध्यापनाला पर्याय शोधताना, १९२४ मध्ये त्यांनी वर्गात एक लहानसा छापखाना आणला. मुले स्वतःचे अनुभव लिहीत. निवडलेला मजकूर सर्वजण मिळून तपासत, खिळे जुळवत आणि छापत. ही पाने दूरच्या शाळांकडे जात व तेथील मुलांची पाने इकडे येत. समुद्रकाठच्या ब्रिटनीतील मुलांना डोंगराळ भागातील जीवन कळावयाचे, तर मजकूर नेमका असणे भागच होते. शुद्धलेखन हा केवळ शिक्षकाचा आग्रह न राहता अनोळखी वाचकाची गरज बनला. या पद्धतीचे खरे सामर्थ्य यंत्रात नव्हते. ते या वाचकात होते.

याच वाचकामुळे संकटही आले. फ्रेने १९२८ मध्ये सँ-पोल येथे गेले. १९३२ च्या अखेरीस विरोधकांनी, एका मुलाने सांगितलेल्या स्वप्नाचा छापील मजकूर गावातील भिंतींवर लावून त्यांच्यावर मोहीम उघडली. त्या स्वप्नात गावच्या महापौराच्या हत्येचा प्रसंग होता. वाद चिघळला आणि १९३३ मध्ये फ्रेने यांना ती शाळा सोडावी लागली. १९३५ मध्ये त्यांनी वाँस येथे स्वतःची शाळा सुरू केली. बालकाचे स्वप्न मोठ्यांच्या राजकारणात कसे ओढले जाते, याचे हे बोलके उदाहरण होय.

ब्लॉगचा उदय

'वेबलॉग' हा शब्द जॉर्न बार्गर यांनी १९९७ मध्ये रूढ केला. १९९९ मध्ये 'ब्लॉगर' ही सेवा सुरू झाली आणि तांत्रिक ज्ञान नसलेल्यांनाही प्रकाशन शक्य झाले. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातून 'एज्युब्लॉग्ज' ही खास शिक्षणक्षेत्रासाठीची सेवा आली. मराठीपुरते पाहता युनिकोडचा प्रसार निर्णायक ठरला. तोवर विशिष्ट फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा पुंजका दिसे. लिपीचा हा अडसर दूर झाल्यावर हस्तलिखित, भित्तिपत्रिका आणि वार्षिकांक या महाविद्यालयीन परंपरेला नवे दार उघडले.

फ्रेने यांच्या अनुभवाची छोटी पुनरावृत्ती २०१२ मध्ये स्कॉटलंडमध्ये झाली. नऊ वर्षांच्या एका मुलीने लेखनाचा उपक्रम म्हणून, वडिलांच्या मदतीने, शाळेतील जेवणाची छायाचित्रे व त्यांना दिलेले गुण ब्लॉगवर मांडले. जगभरातून वाचक लाभल्यावर स्थानिक परिषदेने छायाचित्रे घेण्यास बंदी केली आणि तीव्र प्रतिक्रिया उमटताच दुसऱ्याच दिवशी ती मागे घेतली. या वेळी लेखन टिकले. परंतु प्रशासनाची पहिली प्रतिक्रिया बंदीचीच होती, हे नोंद घेण्यासारखे आहे.

दोन मर्यादा

पहिली मर्यादा जतनाची. जुना वार्षिकांक ग्रंथालयाच्या कपाटात सापडतो. ब्लॉगचे अस्तित्व मात्र सेवा पुरविणाऱ्या कंपनीवर अवलंबून असते. 'पोस्टरस' ही ब्लॉगसेवा २०१२ मध्ये ट्विटरने घेतली आणि २०१३ मध्ये ती बंद झाली. दुसरी मर्यादा खासगीपणाची. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षे पूर्ण न झालेल्यांच्या विदेसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. कनिष्ठ महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थी याच वयोगटात मोडतात.

२०२० नंतरच्या ऑनलाइन अध्यापनात लेखन मोठ्या प्रमाणावर संगणकीय वर्गांत आले, पण बंदिस्त वर्गांत. विद्यार्थी स्वाध्याय 'सादर' करतो, शिक्षक गुण देतो. साधन आधुनिक झाले, तरी वाचक पुन्हा एकच उरला.

समारोप

छापखाना असो वा ब्लॉग, साधन बदलल्याने अध्यापन बदलत नाही. वाचक बदलल्याने ते बदलते. परंतु खरा वाचक म्हणजे खरी जोखीम. ती टाळण्यासाठी लेखन वर्गात कोंडणे हा उपाय नव्हे. प्रकाशनापूर्वी विद्यार्थ्यांसह सामूहिक संपादन, लेखकाची व आवश्यक तेथे पालकांची संमती, टोपणनावाची मुभा आणि ग्रंथालयात छापील प्रत, एवढी व्यवस्था कोणत्याही महाविद्यालयाला आवाक्यातील आहे. त्याहून कठीण गोष्ट एकच : विद्यार्थ्याच्या शब्दांवरून वादळ उठल्यास संस्थेने त्याच्या पाठीशी उभे राहणे. ही तयारी नसेल, तर ब्लॉग हा केवळ नव्या कागदावरचा जुना स्वाध्याय ठरेल.