दारांतील दुभाषी

आम्हां खानदेशी मास्तरांना दुभाष्याचें काम नवें नाहीं. पिंप्राळ्यासारख्या गांवांत मूल घरची बोली बोलत शाळेंत येई, पुस्तक मात्र ग्रांथिक मराठींत असे. दोहोंमध्यें मास्तर उभा. संगणकांतही असाच एक दुभाषी असतो. त्यास 'शेल', म्हणजे कवच, म्हणतात. आपण टंकलेली आज्ञा वाचून तो ती यंत्राच्या गाभ्यापर्यंत पोंचवितो.

इ. स. १९७१ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉमसन यांनीं 'युनिक्स'चा पहिला शेल रचिला. तो गाभ्याबाहेर, एका साध्या कार्यक्रमाप्रमाणें ठेविला होता. म्हणूनच तो बदलतां येऊं लागला. १९७९ त स्टीफन बोर्न यांचा शेल त्या जागीं आला. पुढें १९८९ त ब्रायन फॉक्स यांचा 'बॅश' आणि १९९० त पॉल फॉल्स्टॅड यांचा 'झेड-शेल' निघाला.

आपल्यापुढें यांपैकीं कोणी यावें, हें एका नोंदवहींत लिहिलेलें असतें. 'पासडब्ल्यूडी' असें तिचें नांव. प्रत्येक वापरणाराची एक ओळ, ओळींत सात रकाने. सातव्यांत शेलचें नांव. तें बहुधा आपण लिहिलेलें नसतें. यंत्रप्रणाली रचणारांनीं आपल्यासाठीं तें आधींच ठरविलेलें असतें.

तें बदलण्याची मला हौस आली. चालकाचा अधिकार घेऊन मीं त्या रकान्यांत थेट हात घातला आणि नांवाचीं दोन अक्षरें उलटीं पडलीं. दुसऱ्या दिवशीं परवलीचा शब्द अचूक, तरी यंत्र दारांतूनच परत पाठवी! नेमलेला दुभाषी अस्तित्वांतच नव्हता. शेवटीं दुरुस्तीच्या आडवाटेनें आंत शिरून नोंद सुधारली. 'चेंज शेल' ही रूढ आज्ञा सामान्य वापरणारा म्हणून दिली असती, तर मान्य शेलांच्या यादींत नसलेलें नांव तिनें स्वीकारलेंच नसतें. जन्मभर मुलांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढणाराची ही गत!

२०१९ सालीं ॲपल कंपनीनें बॅशऐवजीं झेड-शेल नेमिला, तेव्हां नव्या खात्यांनाच तो दिला. जुन्या माणसांची नोंद तशीच ठेवून बदलाची आज्ञा केवळ सुचविली. माझ्या उतावीळपणास यांत उत्तर आहे. नवा दुभाषी नेमावा, दुसऱ्या खिडकींतून प्रवेश करून त्याची परीक्षा घ्यावी, आणि तोंपर्यंत जुनी खिडकी उघडी ठेवावी. बदल करण्यास भिऊं नये. परंतु आपण आंत असतांना आपलेंच दार बंद होणार नाहीं, एवढें पाहावें.